विहीर आहेच

रत्नागिरीकडच्या आमच्या घराच्या स्लॅबचा हिशेब आम्ही भावंडांनी मुंबईत बसून केला. मे महिन्यात स्लॅब, 7 जूनच्या आत काम पुरं. पावसाळ्यात अम्मीच्या पलंगाशेजारी पुन्हा बालदी ठेवावी लागू नये, एवढंच मनात होतं. सिमेंट, सळ्या, खडी, सेंट्रिंग, गवंड्याची मजुरी, सगळे आकडे वहीत होते. पाण्यापुढे मात्र लिहिलं होतं, ‘विहीर आहेच’.

भाईजानना वाटलं, आपांनी विचारलं असेल. आपांना वाटलं, गवंड्याने पाहिलं असेल. ‘होईल इन्शाअल्लाह’ म्हणत आम्ही वही मिटली.

माल कालवायला गोणीमागे 25-30 लिटर पाणी लागतं. तेवढं विहिरीने दिलं. खरी तहान त्यानंतरची. स्लॅबवर वाफे बांधून 7 ते 10 दिवस पाणी साठवावं लागतं, नाहीतर काँक्रीट कच्चं राहतं. 800 चौरस फुटांवर 2 इंच म्हणजे पावणेचार हजार लिटर, आणि त्यातलं ऊन रोज पितं ते वेगळं. तिसऱ्या दिवशी पोहऱ्यात गाळ आला.

टँकर यायला दीड दिवस गेला. तोवर सत्तरीतली अम्मी शेजारच्या बोअरिंगवरून कळश्या आणून गोणपाटं भिजवत राहिली.

“वैशाखात ही विहीर आटतेच,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं पाहतेय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“विचारलंत कुठे?”

स्लॅब गळत नाही, अल्हमदुलिल्लाह. खिडक्यांचे पैसे टँकरला गेले. तिथे यंदा ताडपत्री आहे.