सीटवरचा गुलाबी डाग

ऑगस्ट सरत आला की देवबागेत ताडपत्र्या निघायला लागतात. मच्छीमारांच्या होड्या तोवर नारळ देऊन कधीच दर्यात गेलेल्या असतात. पर्यटकांच्या होड्यांना मात्र मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंदी, त्यामुळे आमचा मुहूर्त उशिरा. पूर्वी होड्या माडाच्या झापांनी शाकारायचे. आता निळी ताडपत्री अंथरून दोरीने आवळली की काम झालं. झापांमधून वारा फिरायचा. ताडपत्रीखाली तीन महिने जे कोंडून राहतं ते दोरी सोडताना आधी नाकाला कळतं, डोळ्यांना नंतर.

आमची फायबरची होडी. मागे आऊटबोर्ड इंजिन, दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर पांढऱ्या रेक्झिनच्या सीटा. पांढरा रंग हा आमच्या ह्यांचा हट्ट. निळं पाणी, पांढरी सीट, फोटो झकास येतो, असं त्यांचं म्हणणं. फोटो येतोही झकास. पण चुलीजवळ कोणी पांढरी साडी नेसून बसत नाही, एवढं सांगून मी गप्प बसले होते.

एका वर्षी ताडपत्री काढली तर शिलाईच्या कडेकडेने मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. पायपिंगच्या खाचेत हिरवट लव. पाठीच्या उशांवर, माणसांचे खांदे टेकतात तिथे, पिवळट पट्टे. आणि मधल्या दोन सीटांवर हातभर लांबीचे गुलाबी डाग, कडा पुसट, कोणी पाण्यात रंग कालवून ओतल्यासारखे. हात फिरवला तर काही लागत नव्हतं. रेक्झिन गुळगुळीत, वास नाही, खरखर नाही.

मी लग्नाआधी बी.एस्सी. केलं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. नंतर त्या पदवीचा उपयोग म्हणजे घरात कोणी आजारी पडलं की औषधाच्या पाकिटावरची नावं वाचून दाखवणं. त्या सकाळी सीटेसमोर उकिडवी बसले तेव्हा बऱ्याच वर्षांनी कॉलेजातली पेट्री डिश आठवली. फरक एवढाच की ती तळहाताएवढी होती आणि ही पर्यटकांना बसवायची होती.

काळ्या ठिपक्यांचं गणित सोपं. हवेत ओल 70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि आमच्याकडे जुलैत ती 90 च्या आसपास असते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. निव्वळ पीव्हीसी बुरशीला पचत नाही, पण तो मऊ राहावा म्हणून घातलेलं तेलकट प्लास्टिसायझर काही बुरश्यांना चालतं. बाकीचा शिधा आपणच पुरवतो. सनस्क्रीन, घाम, केसांचं तेल, चिप्सचा चुरा. मे महिन्यात शेवटची फेरी मारून होडी किनाऱ्यावर ओढली की सगळ्यांना घाई पावसाची असते, सीटा गोड्या पाण्याने धुवायला कोणाला वेळ नसतो. मग वाळलेलं खारं पाणी तसंच राहतं. "मीठ पाणी ओढता," सासूबाई म्हणाल्या, "बरणीतला बघूक नाय काय पावसात?" त्यांचं बरोबर होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतली ओल खेचून घेतात. न धुतलेली सीट ताडपत्रीखाली कधी सुकतच नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी थिनर म्हणालं. थिनरने डाग जातो, त्याच्याबरोबर रेक्झिनचा वरचा थरही जातो, मग पुढची बुरशी दुप्पट चिकटते. शेजारचा मुलगा संडास धुवायचं निळं ॲसिड घेऊन आला. "काकी, ह्यां लावया? लादयेचे डाग जातत." मी त्याच्या हातून बाटली काढून आधी लांब ठेवली, कारण माझ्या बादलीत ब्लीच होतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर मिसळलं तरी तेच. लोक दोन चांगली औषधं एकत्र केली की काम दुप्पट होईल असं धरून चालतात आणि बंद न्हाणीघरात खोकत बसतात. आम्ही निदान उघड्या पुळणीवर होतो.

काळ्या बुरशीचं काम साध्या क्रमाने झालं. आधी सीटा ओल्या केल्या, कारण कोरड्या बुरशीवर ब्रश मारला की तिचे बीजाणू उडून नाकात आणि शेजारच्या सीटेवर जातात. तोंडाला फडकं. मग भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, शिलाईच्या दिशेने. धुऊन झाल्यावर पांढरं व्हिनेगर तासभर ठेवलं, पुन्हा गोडं पाणी. उरलेल्या हट्टी ठिपक्यांवर दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच, तेही कापसाच्या बोळ्याने आणि शिलाई वाचवून. ब्लीचबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते बुरशीचा रंग उडवतं, त्यामुळे ती मेली असं वाटतं, आणि वारंवार लावलं तर रेक्झिन कडक होतं, दोरा कुजतो. स्वयंपाकघरात भिंती पुसायचा तो पांढरा जादूचा स्पंजही मी नंतर बंद केला. तो मुळात बारीक पॉलिश पेपरच आहे. पहिल्यांदा सीट लख्ख दिसते, कारण तिचा वरचा थर घासून निघालेला असतो.

कोकम सरबताच्या डागांनी मात्र मजा आणली. साबण लावताच लाल डाग निळसर करडा झाला आणि आमचे हे ओरडले की काय केलंस. कोकमाचा रंग तसाच असतो, आंबटात लाल आणि साबणाच्या पाण्यात निळा. मी लिंबाची फोड चोळली, तो पुन्हा लाल झाला. बघायला चार पोरं जमली. मग पुन्हा साबण, पुन्हा लिंबू, असा खेळ करून शेवटी डाग धुऊन काढला, तो आला तसा गेलाही.

गुलाबी डाग जागचा हलला नाही. साबण नाही, व्हिनेगर नाही, मेडिकलातून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कपडा भिजवून टाकून ठेवला तरी नाही. नखाने खरवडलं तर नखाला काही येत नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी चुकीच्या बाजूने बघतेय, रंग रेक्झिनच्या वर नाही, रेक्झिनमध्ये आहे.

हे काम बुरशीचं नसून जिवाणूचं असतं. स्ट्रेप्टोमायसीस नावाचं कूळ. पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो वास सुटतो त्यात या कुळाचा मोठा हात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत रटगर्समधल्या वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी मिळवलं, तेही याच कुळातून. त्यातलीच एक जात ओल्या कापडावर, फोमवर, रेक्झिनच्या पाठीमागे वाढते आणि गुलाबी रंगद्रव्य सोडते. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, प्लास्टिसायझरमध्ये मात्र छान विरघळतं. मग त्याच वाटेने ते आतून वर झिरपत येतं आणि पांढऱ्या पृष्ठभागावर उगवतं. जंतू एका बाजूला, डाग दुसऱ्या बाजूला. बाहेरून काय लावणार? उन्हात तो थोडा फिकटतो, पण तेवढं ऊन दिलं तर रेक्झिनच तडकायला लागतं.

कुडाळला रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवणारे एक कुशनवाले आहेत. मी दोन गुलाबी सीटा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक सीट उलटी केली, अंगठ्याने दाबली, आणि पिनांच्या ओळीतून पाणी आलं. होडीबाहेर काढून कितीतरी दिवस अंगणात उन्हात ठेवलेली सीट. ते म्हणाले, "वैनी, भायरसून कितीव घासा, ह्यो जावचो नाय. आतसून इलो हा." माझी सगळी पदवी त्यांनी एका वाक्यात उरकली.

पिना उपसताना अर्ध्या हातातच तुटल्या, इतक्या गंजलेल्या. खालचा प्लाय पदर पदर सुटलेला, कोपऱ्यात बोट रुतेल असा. फोम वरून पिवळा आणि तळाशी चहासारखा. मग त्यांनी रेक्झिन सोलून पालथं घातलं. आतल्या कापडावर गुलाबी नकाशा होता, वरच्या डागाच्या हुबेहूब मापाचा, फक्त तिथे तो गडद आणि मध्यभागी लिबलिबीत. फोम आणि रेक्झिनच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घातलेला. पाणी आत जाऊ नये म्हणून. पण सुई जाते तिथे प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं, आणि एका सीटेच्या शिलाईत किती टाके असतात ते मोजायच्या फंदात मी पडले नाही. पाणी त्यातून आत शिरणारच. प्लास्टिक ते बाहेर पडू देत नाही. ज्या दुकानातून आम्ही सीटा घेतल्या तिथे त्या खास होडीच्या म्हणून विकल्या होत्या. प्लाय साधा होता, पिना लोखंडी होत्या, होडीचं त्यात काही होतं तर ते बिलावर.

नव्या सीटा कुशनवाल्यांनी आणि मी मिळून ठरवल्या. तळाला आयएस 710 चा मरीन प्लाय, कडांना आणि प्रत्येक भोकाला इपॉक्सी. प्लायला खालून मोठी भोकं. पिना स्टेनलेस स्टीलच्या. त्या मिळवायला कोल्हापूरहून पार्सल मागवावं लागलं. दोरा पॉलिएस्टरचा, सुती अजिबात नाही. प्लास्टिकचा कागद रद्द. आणि खालच्या बाजूला रेक्झिनऐवजी दप्तरांना लावतात ती जाळी. ही कल्पना त्यांची. पाणी आत गेलं तर जाऊ दे, खालून निघून तर जाईल. फोमबद्दल आमचं जमलं नाही. मला पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम हवा होता, त्यांच्या मते तो बुडाला टोचतो. शेवटी खाली तो आणि वर नेहमीचा मऊ, असा समेट झाला. शिवाय रंग. मी फिकट राखाडी म्हटलं, हे पांढऱ्यावर अडून राहिले. कुशनवाल्यांनी दोन्ही तुकडे उन्हात धरले आणि म्हणाले की राखाडी तापतो जास्त. हे जिंकले.

पावसाळ्यात सीटा आता होडीत राहत नाहीत. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, माडीवर उभ्या लावून ठेवतो, दोघींच्या मध्ये वीतभर फट. आडव्या एकावर एक रचल्या की वारा लागत नाही. वर पंखा मंद चालू. सासूबाईंना विजेच्या बिलाची काळजी, म्हणून वीज असतानाचा हिशोब त्या ठेवतात, नसतानाचा निसर्ग ठेवतो. होडीवरची ताडपत्री आता मधोमध बांबूवर उचललेली असते, दोन्ही टोकं उघडी. पाऊस आडवा आला की थोडं पाणी आत येतं. येऊ दे. वाराही येतो. पुढच्या वर्षी पायपिंगच्या खाचेत थोडी काळी चुकार बुरशी सापडली, ती साबणाने गेली.

सगळ्या सीटा एकदम बदलणं परवडण्यासारखं नव्हतं. जुन्यांपैकी ज्या आतून कोरड्या निघाल्या त्यांना नुसती खालून जाळी लावून घेतली. गुलाबी डागवाल्या दोनपैकी एकीचं रेक्झिन चांगलं होतं, म्हणून नव्या फोमवर तेच चढवलं आणि ती इंजिनाजवळ, तांडेलाच्या जागी गेली. तांडेल म्हणजे आमचे हेच. परवा पुण्याच्या एका बाईंनी तिकडे बोट दाखवून विचारलं की रंग सांडला का. ह्यांनी सांगितलं, जिवाणू आहेत, बायकोच्या ओळखीचे. त्या बाई डॉल्फिन दिसेपर्यंत दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. मी ह्यांना नंतर म्हटलं की ती सीट बदलून टाकू, कुशनवाले दिवाळीनंतर मोकळे असतात. "माझ्या सीटेक हात लावू नको," हे म्हणाले, "मेलेले आसत ना ते?" मेलेले असावेत. कोरडी आहे सीट, दाबून बघते मी दर रविवारी.