पान बत्तीसपर्यंत

वाळवा तालुक्यातल्या शाळेत रुजू झाले त्या वर्षी मी सातवी-आठवीच्या मुलांना तीस पुस्तकांची यादी झेरॉक्स काढून वाटली. यादी वाईट नव्हती. ‘श्यामची आई’ होती, ‘बनगरवाडी’ होती, ‘फकिरा’ तर हवीच. तिचे लेखक अण्णाभाऊ साठे आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. आठवड्याभरात त्या कागदांची विमानं झाली. एक माझ्याच टेबलावर उतरलं.

पुढं सहल भिलारला नेली. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना लागणारं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती. कुठल्या घरात कथा, कुठल्या घरात चरित्रं. घरमालक चपला काढायला सांगतात आणि आपल्या कामाला लागतात. काय वाचता, हे कुणी विचारत नाही. हे मला फार आवडलं.

आमच्याकडं जेमतेम दीड तास होता. गाडीचा हॉर्न वाजला तरी एक पोरगा ओसरीवरून उठेना. हातात व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. घरी शेरडं राखणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. “बाई, निम्मंबी झालं न्हाई की!” म्हणाला आणि पेनानं तळहातावर ३२ लिहून घेतलं. सांगलीहून ते पुस्तक मिळवेपर्यंत नऊ दिवस गेले. त्यानं उघडलं ते थेट बत्तिसाव्या पानावर.

तेव्हापासून माझ्या वर्गातली यादी वहीच्या शेवटच्या पानावर असते आणि तिच्यात आधी येतात ती अर्धवट राहिलेली पुस्तकं. नाव, आणि कुठल्या पानावर थांबलो. तास संपता संपता मी मुद्दाम पुस्तकं मिटायला लावते. मुलं चिडतात. चिडू देत.

नवीन नावं सुचवताना ‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न मी सोडून दिलाय. त्यावर सगळे ‘गोष्टी’ म्हणतात. रविवारी काय केलंस, एवढंच विचारते. सायकलची चेन चढवत बसलेल्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. घरच्यांबरोबर भुईमूग उपटायला गेलेल्या मुलीला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. निम्म्या वेळा माझा अंदाज चुकतो. त्या मुलीनं कार्व्हरवर सरळ फुली मारली आणि मैत्रिणीच्या हातातल्या भुताच्या पुस्तकाचं नाव लिहिलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण फुली मारता येत नसेल तर ती यादी तिची कसली, माझीच झेरॉक्स की. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, असं ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन १९३१ सालीच सांगून गेलेत. ‘त्याचं’ या शब्दाकडं माझं लक्ष फार उशिरा गेलं.

एक पथ्य मात्र पाळते. वहीतलं ते पान तपासत नाही, त्यावर सही करत नाही, शुद्धलेखनही सुधारत नाही.

परवा त्या शेरडांवाल्या पोरानं वही आपणहून दाखवली. अकरा नावं. माझ्या तिसांतली त्यात दोनच. ‘फकिरा’पुढं लिहिलं होतं: पान १९.