वेल्डरची पन्नाशी

कर्मचारी पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन 58व्या वर्षी, असंघटितांच्या श्रमयोगी मानधन योजनेत 60व्या. वेल्डरचं शरीर हे आकडे पाळत नाही. टाकीच्या पोटात उकिडवं बसून, मान वर ताणून ओव्हरहेड वेल्ड मारणाऱ्याची कंबर आणि खांदे पन्नाशीआधीच कुरकुरू लागतात. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये कर्करोगकारक ठरवलं, ते वेगळंच. म्हणून या कामातल्या कमाईचा आणि बचतीचा हिशेब पन्नाशी धरूनच मांडावा, असं मला ठामपणे वाटतं. पेन्शन पन्नाशीला घेता येते हे खरं, पण 58च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापले जातात. म्हणजे झिजलेल्या शरीरालाच दंड.

वय झालं की सुपरवायझर व्हावं, आयटीआयमध्ये शिकवावं, असं कुणी म्हणेल. जमेल त्याने जरूर. पण एका शॉपला सुपरवायझर लागतात किती? रोजंदारीवरच्याने वाचवायचं कशातून, हा आक्षेप जास्त खरा आहे, आणि त्याचं उत्तर एकट्या कामगाराकडे नाही. भोसरी-चाकणच्या ठेकेदाराने पहिल्या दिवसापासून पीएफ भरला, आणि काम बदलताना कामगाराने तो काढून न घेता पुढच्या खात्यात वळवला, तर दहा वर्षांची सेवा भरून पेन्शनचा हक्क तरी हाती राहतो.