स्पॅममध्ये पडलेलं पत्र

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागणारा मेल मला पाठवला. विषय उर्दूत, मजकूर मराठीत, सोबत गुणपत्रिकेचा फोटो. तो स्पॅममध्ये पडला. माझ्या नजरेस आला तेव्हा मुदत उलटून नऊ दिवस झाले होते.

अशी आणखी किती पत्रं तिथे असतील, या धास्तीने मी तो अख्खा फोल्डर एका फाइलीत उतरवून घेतला. उघडून पाहते तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. शाळेचं नाव शोधलं, एकदाही सापडलं नाही.

माझा भाचा संगणकाचं शिकतो. तो म्हणाला, "खाला, ईमेल सुरू झाला तेव्हा त्याला इंग्रजी अक्षरंच कळायची. १९९२ साली माइम नावाचं मानक आलं. आता आपली अक्षरं बहुतेकदा बेस-६४ चा बुरखा घालून प्रवास करतात. आधी तो उतरवायला हवा."

त्यासाठी त्याने निवडलं स्पॅमअ‍ॅसॅसिन: पर्ल भाषेत लिहिलेली, स्पॅम गाळणारी मोफत प्रणाली. मी म्हटलं, "अरे, पत्रं अडवणाऱ्याच्याच हाती पुन्हा पत्रं द्यायची?" तो हसला. स्पॅमवाले मुद्दाम वेडीवाकडी पत्रं पाठवतात, म्हणून ही प्रणाली मोडकंतोडकंही वाचायला शिकलेली आहे.

तिच्यात दोन कामं वेगळी आहेत. 'पार्स' पत्र उघडतं: शीर्षभाग वेगळा, मजकूर वेगळा, फोटो वेगळा, बेस-६४ सोडवून मूळ अक्षरं हातात देतं. 'चेक' त्यानंतर येतं. ते एकेका नियमाचे गुण मोजतं आणि बेरीज पाच झाली की स्पॅमचा शिक्का मारतं. पाच ही नेहमीची मर्यादा, ती बदलता येते. आम्ही पार्स चालवलं, चेकला बोलावलंच नाही. मग शाळेचं नाव उर्दूत आणि मराठीत शोधलं. चार पत्रं निघाली. एक एका पालकाचं होतं, मुलीचं नाव शाळेतून काढू नका म्हणून.

भाड्याने घर शोधताना नाव सांगताच "जागा गेली" हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. शीर्षभाग वाचला, मजकूर कुणी उघडलाच नाही. पण खरं सांगते, त्या रात्री मला घरमालक आठवले नाहीत. आठवली माझी तपासलेली पेपरांची चळत. गिचमिड अक्षर दिसलं की हात आधीच कमी गुणांकडे वळायचा. उत्तर नंतर वाचायची, कधी अर्धंच.

त्या मुलीला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "टीचर, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन." शिफारसपत्र मी त्याच रात्री लिहून ठेवलं. त्या पालकांच्या घरी मात्र स्वतः गेले. मुलगी तोवर शाळा सोडून शिवणक्लासला जाऊ लागली होती. सोमवारी तिला परत वर्गात आणायचं ठरलं आहे.