हरणाऱ्यांची टीम

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग घरातली लग्नकार्यं, मग नुसताच आळस. पण परवा माळ्यावरची मोठी बॅग काढली, तर तिच्या तळाशी एक निळी लोकरी टोपी सापडली. त्यावर उडी घेणारा सिंह. आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "हे काय, तुम्ही कधीपासून टोप्या घालायला लागलात?" तर त्या टोपीची ही गोष्ट.

२०२१ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे गेले होते. कोरोनामुळे आपल्याकडच्या लोकांना अमेरिकेत जायला बंदी होती, ती ८ नोव्हेंबरला उठली आणि त्याच आठवड्यात मी विमानात बसले. दोन वर्षांनी नातवाला बघत होते. गेला तेव्हा माझ्या कमरेला लागायचा, आता माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघत होता. बारा वर्षांचा. लेकीचं घर डेट्रॉइटजवळ, नोव्हाय नावाच्या गावात. जावई मोटारींच्या धंद्यातले, तिथले निम्मे लोक असतात तसे.

पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी तळघरात चार-पाच जण टीव्हीसमोर बसलेले. जावई, त्यांचे एक तेलुगू मित्र, नातू, आणि शेजारचे एक गोरे आजोबा. हे आजोबा माझ्याच वयाचे, मोटारीच्या कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. मला वाटलं फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल. तर नाही. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध अगदीच जेमतेम. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. थोडी कबड्डी, थोडी कुस्ती, आणि दर वीस सेकंदांनी खलबतखाना. त्या दिवशी पिट्सबर्गच्या पावसात आपली टीम, म्हणजे डेट्रॉइट लायन्स, खेळत होती. सामना १६–१६ असा बरोबरीत सुटला. घरात तर दिवाळी! मी विचारलं, बरोबरीत सुटलं तर एवढा आनंद? नातू म्हणाला, "आजी, आधीच्या आठही मॅच हरलोय आपण. आज पहिल्यांदा हरलो नाही."

'आपण'! मी त्या शब्दाशी थबकले. मराठी बोलायला कंटाळणारा मुलगा, पण हरणाऱ्यांचा उल्लेख करताना न चुकता 'आपण' म्हणत होता.

मग हळूहळू मला इतिहास कळत गेला. शेजारचे आजोबा म्हणजे चालतंबोलतं पुराण. शेवटचं अजिंक्यपद १९५७ सालचं. ते तेव्हा सात वर्षांचे, वडिलांबरोबर रेडिओवर ऐकलेलं. पुढच्याच वर्षी बॉबी लेन नावाच्या खेळाडूला टीमनं पिट्सबर्गला देऊन टाकलं आणि जाताना त्यानं शाप दिला की पन्नास वर्षं तुम्ही जिंकणार नाही, अशी आख्यायिका. आपल्याकडे काय कमी शाप आहेत! पण गंमत अशी की बरोबर पन्नास वर्षांनी, २००८ मध्ये, टीम सोळाच्या सोळा सामने हरली. १९५७ नंतर बाद फेरीतला एकच विजय, जानेवारी १९९२ मधला. आजोबा हे सगळं अशा शांतपणे सांगत की जणू गावच्या दुष्काळांची वर्षं सांगताहेत.

आणि मी गेले ते वर्ष म्हणजे त्यांच्या भाषेत 'रिबिल्ड'चं. जुनं घर पाडून नवं बांधायला घ्यावं तसं. मॅथ्यू स्टॅफर्ड हा बारा वर्षं टीमचा मुख्य खेळाडू. त्यानं दुसरीकडे जाऊ द्या म्हणून विनंती केली आणि तो लॉस एंजलिसला गेला. त्याच्या बदल्यात तिथला नकोसा झालेला जॅरेड गॉफ आणि पुढच्या निवडीचे काही हक्क मिळाले. नवा प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल. हा गडी स्वतः त्या २००८ च्या शून्यवाल्या टीममध्ये होता. पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणाला की आम्हाला खाली पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याचा चावा घेऊ. लोक हसले. मग ऑक्टोबरात एक सामना शेवटच्या क्षणी हरल्यावर तो पत्रकारांसमोर रडला. त्याआधीच्या महिन्यात तर कहरच झाला होता. समोरच्या संघानं शेवटच्या क्षणी सहासष्ट यार्डांवरून मारलेली किक आडव्या दांडीवर आपटली आणि पलीकडे पडली. एवढ्या लांबून तोवर कोणी मारलीच नव्हती. विक्रम व्हायचा तोही आमच्याच डोक्यावर! (बघा, मीही 'आमच्या' म्हणायला लागले.)

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लायन्सनं खेळायचं ही तिकडची १९३४ पासूनची रीत. लेकीनं मसालेभात केला होता. पुन्हा शेवटच्या किकवर हरले, १६–१४. आजोबांनी मसालेभात मात्र दोनदा घेतला.

तळघरातला खरा वाद वेगळाच होता. तिथे नियम असा की वर्षअखेर जो संघ सगळ्यात तळाला, त्याला कॉलेजातले नवे खेळाडू निवडताना पहिला मान. त्यामुळे तेलुगू मित्र म्हणायचे, आता सगळे सामने हरलेलेच बरे. जावईही त्याच मताचे. "आई, तुम्ही हिशेब बघा. दोन सामने जिंकून काय मिळणार? हरलो तर पहिला नंबर तरी मिळेल." आजोबांना हे बोलणंच सहन व्हायचं नाही. ते म्हणत, त्या पोरांच्यातल्या किती जणांना पुढच्या वर्षी नोकरी नाही हे माहीत आहे का तुम्हाला? ते कोणासाठी हरायचे?

मला पहिला मान शेवटच्याला हा नियम ऐकून मौज वाटली, आणि थोडं टोचलंही. आमच्या शाळेत बरोबर उलटं होतं. हुशार मुलं 'अ' तुकडीत, अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीला. 'ड' तुकडी नव्या, कच्च्या शिक्षकांच्या गळ्यात. तशी ती १९७६ साली माझ्या गळ्यात पडली. पंचावन्न पोरं, निम्मी सकाळी शेतावरून थेट वर्गात. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. तिसऱ्या वर्षी त्या वर्गात एक मुलगा होता. उंच, शेवटच्या बाकावर, सहामाहीला चार विषयांत नापास. माझ्या तासाला तो खिडकीतून बाहेर बघत होता. आदल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी निकालावरून सगळ्यांसमोर मला बोल लावले होते. तो राग मी त्याच्यावर काढला. म्हटलं, "तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही. कशाला बाक अडवतोस?" तो उठला, पाटी-दप्तर काही न घेता बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ येऊन दप्तर घेऊन गेला. मी त्याच्या घरी गेले नाही. जाईन जाईन म्हणत वर्ष संपलं. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. चांगलं झालं असेल, असं मी स्वतःला सांगत आले, एवढंच.

तर इकडे हा कॅम्पबेल दर रविवारी हरायचा आणि समोर येऊन बसायचा. पोरांना एका शब्दानं बोलायचा नाही. सगळं माझं चुकलं म्हणायचा. मी हे तळघरात बसून बघत होते आणि कोणाला काही बोलत नव्हते.

३० नोव्हेंबरला, मंगळवारी, आमच्याच काउंटीतल्या ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात गोळीबार झाला. चार मुलं गेली. गोळ्या झाडणाराही तिथलाच पंधरा वर्षांचा विद्यार्थी. लेक कामावरून धावत घरी आली. त्या आठवड्यात धमक्या आणि अफवांमुळे आसपासच्या कितीतरी शाळा बंद ठेवाव्या लागल्या. नातू घरीच होता. टीव्ही लावायचा नाही, खायचा नाही. एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या शाळेत दाराला आतून काय लावायचे?" मला प्रश्नच कळेना. मग त्यानं सांगितलं की त्यांना सराव देतात. दिवे बंद करायचे, दार अडवायचं, कोपऱ्यात भिंतीशी चिकटून बसायचं, आवाज करायचा नाही. त्यानं आपला कोपरासुद्धा सांगितला. मी छत्तीस वर्षं वर्गात काढली. आमच्या वर्गाचं दार पावसानं फुगलेलं, ते कधी नीट लागलंच नाही. आणि ते लागायला हवं असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याला काय उत्तर देणार? त्याचे केस विंचरले. एरवी तो हात लावू देत नाही.

रविवारी, ५ डिसेंबरला, मिनेसोटाशी सामना. मध्यंतराला लायन्स २०–६ असे पुढे. तळघरात कोणी हलायला तयार नाही. मग सवयीप्रमाणे सगळं घसरत गेलं आणि दोनेक मिनिटं उरली असताना २७–२३ असे मागे. आजोबा उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. म्हणाले, मी बघितलं की हरतात. शेवटचे चार सेकंद. गॉफनं चेंडू फेकला आणि आमॉन-रा सेंट ब्राउन नावाच्या नवख्या पोरानं तो रेषेच्या आत झेलला. वेळ संपली. २९–२७. वर्षातला पहिला विजय, आणि त्या पोराचा कारकिर्दीतला पहिला टचडाउन. हा सेंट ब्राउन निवडीच्या वेळी खूप मागे राहिला होता. त्याच्या आधी त्याच जागेवर खेळणारे सोळा जण निवडले गेले आणि त्या सोळाही जणांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. मला हजेरीपट आठवला. पाठांतर काय काय कारणांनी होतं!

पण मी सांगते आहे ते त्यानंतरचं. कॅम्पबेल पत्रकारांसमोर आला. सामन्याचा चेंडू ऑक्सफर्डच्या सगळ्या लोकांना देतो म्हणाला, आणि मग गेलेल्या मुलांची नावं घेतली. एकेक करून. सावकाश, एकही न गाळता. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. मी हजेरी हजारो वेळा घेतली असेल. नाव घ्यायचं, 'हजर' ऐकायचं, खूण करायची. नावापुढे काहीच ऐकू न येण्याची हजेरी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. नातू माझ्या शेजारी होता. त्यानं माझा पदर धरला होता, लहानपणी धरायचा तसा.

शाळा उघडल्यावर तो गेला. लेक त्याला गाडीनं सोडून आली आणि बराच वेळ गाडीतच बसून राहिली. मी खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही. तिची ती तिला बसू दे म्हटलं.

पुढचं भराभर सांगते. फेब्रुवारीत स्टॅफर्ड नव्या टीमकडून थेट सुपर बोल जिंकला. आपल्या शाळेतला हुशार मुलगा दाखला काढून दुसऱ्या शाळेत गेला आणि पहिल्याच वर्षी बोर्डात आला, तसं. तळघरात टाळ्या वाजल्या, पण जरा ओल्या. लायन्सनं शेवटचा सामना जिंकला आणि त्या विजयामुळेच निवडीतला पहिला नंबर हुकला. जावईबापू आठवडाभर हळहळत होते. एप्रिलमध्ये निवड झाली. पहिल्या नंबरवाल्यांनी भलताच घेतला आणि दुसऱ्या नंबरावर मिशिगनमध्येच वाढलेला एडन हचिन्सन आपसूक लायन्सना मिळाला. आजोबांनी जावयांकडे नुसतं बघितलं. बोलले काही नाहीत. मे महिन्यात मी परत निघाले तेव्हा त्यांनी ही टोपी दिली.

मग इथून बघणं सुरू झालं. २०२२ ला पुन्हा सातांत एक विजय. मालकीणबाई, म्हणजे हेन्री फोर्ड यांची पणती, पत्रकारांसमोर येऊन धीर धरा म्हणाल्या. शेवटी ९–८ पर्यंत आले. २०२३ ला बारा विजय.

आणि १५ जानेवारी २०२४, संक्रांतीची सकाळ. तिकडे अजून रविवारची रात्र. डेट्रॉइटमध्ये बाद फेरीचा सामना, समोर स्टॅफर्डची टीम. घरच्यांनी सोडून दिलेला गॉफ इकडून, घर सोडून गेलेला स्टॅफर्ड तिकडून. मी कढईत तीळ भाजत होते आणि ओट्यावर फोन टेकवून ठेवला होता. नातवानं व्हिडिओ कॉल लावून फोनचं तोंड टीव्हीकडे केलं होतं. चित्र धड दिसत नव्हतं, पण लोक गॉफच्या नावाचा घोष करत होते तो स्वच्छ ऐकू येत होता. २४–२३. बत्तीस वर्षांनी. मी विचारलं, "आजोबा कुठायत?" नातवानं फोन गॅरेजमध्ये नेला. बाहेर कडाक्याची थंडी, आणि हे कोट घालून अंधारात फावड्याला टेकून उभे. शेवटचा अर्धा तास त्यांनी बघितलाच नव्हता. नातू ओरडला तेव्हा त्यांनी आधी त्याला दोनदा स्कोअर विचारला. मग मला हात केला आणि माझ्या मागे बोट दाखवून काहीतरी म्हणाले.

मी वळून बघितलं तर कढईतून धूर येत होता. तीळ पार करपले होते.