अंतरपाट दूर होतांना

आमच्या घरीं लग्नाचा फोटो म्हणजे माजघरांतील भिंतीवरचा आजोबा-आजींचा. दोन खुर्च्या, मध्यें तिवई, आणि दोघांच्याहि मुद्रेवर मॅट्रिकचा निकाल ऐकावयास बसल्यासारखा भाव! तेव्हां 2018 सालीं नवा कॅमेरा घरांत आल्यावर आपण याहून पुष्कळच बरें करूं, अशी घमेंड आम्हांस झाली यांत नवल नाहीं. पुढच्याच वर्षीं फाल्गुनांत थोरल्या बंधूंच्या मुलीचें लग्न निघालें, आणि बाहेरचा फोटोग्राफर नको, असें आम्हीं छातीठोकपणें सांगून टाकलें.

इतर अनेक घरांप्रमाणें आमच्याकडेहि मंगलाष्टकें चालूं असतां वधूची आई तेथें उभी राहत नाहीं. ती तुळशीला पाणी घालीत असते. ही रूढि आतां सोडावी असें आमचें मत. पण वहिनींनीं ती निमूटपणें पाळली. चौथ्या दिवशीं त्या आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, "भावजी, अंतरपाट दूर झाला तेव्हां ती कशी दिसत होती, तेवढें दाखवा. बाकीचें सगळें मीं पाहिलें आहे."

चौदाशें चित्रांतून आम्हीं तें शोधून काढलें. अंतरपाटावरील कुंकवाचें स्वस्तिक असें स्पष्ट कीं, कापडाचा धागा न् धागा मोजून घ्यावा. आणि मागें धुक्यांत बुडालेले दोन चेहरे. वहिनींनीं बराच वेळ पाहिलें. "शालूचा रंग छान आला आहे हो," एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. आम्ही वराच्या पाठीशीं उभे होतों आणि भिंगाचें तोंड एफ 1.8 पर्यंत उघडें होतें. अशा वेळीं स्पष्टतेचा पट्टा वीतभरहि रुंद नसतो. तो अंतरपाटावर बसला आणि कापड निघून गेल्यावरहि तेथेंच राहिला. सेकंदास दहा चित्रें निघत होतीं खरीं, परंतु उभें राहण्याची जागाच चुकलेली असतां दहाचा उपयोग काय? एकाच चुकीच्या दहा प्रती!

मग ओसरीवर सराव सुरू झाला. धाकटे पुतणे वधूवर, थोरले दोघे धोतर धरून उभे. आईनें अक्षतांसाठीं तांदूळ देण्याचें साफ नाकारल्यामुळें चुरमुरे उधळले जात व वधूवर ते जागच्या जागीं फस्त करीत. त्यांतून कळलें कीं, कडेला उभें राहिलें म्हणजे दोन्ही चेहरे आपल्यापासून सारख्याच अंतरावर येतात. 1/60 सेकंदांत उडत्या अक्षतांच्या रेघा होतात, 1/250 मध्यें दाणे हवेंत थबकतात. त्यासाठीं, आणि भिंग एफ 2.8 पर्यंत मिटण्यासाठीं, आयएसओ 400 वरून 4000 वर न्यावा लागला. चित्र थोडें रवाळ झालें, तें आम्हीं पत्करलें. सर्वांत मोलाची गोष्ट मात्र गुरुजींनीं सांगितली: अंतरपाट खालीं सोडीत नाहींत, उत्तरेकडे ओढून घेतात. म्हणजे आम्हीं दक्षिणेस उभें राहावें! हें त्यांना आधींच विचारावयास काय हरकत होती?

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत मावसबहिणीच्या मुलीचें लग्न झालें. या खेपेस आम्ही दक्षिणेकडे उभे राहिलों, आणि थोरल्या पुतण्याला दुसरा कॅमेरा देऊन तुळशीपाशीं धाडलें. वाजंत्री वाजली, कापड सरकलें, आणि दोन्ही चेहरे लख्ख मिळाले. मुलगी मात्र वराकडे पाहत नव्हती. गर्दीच्या पलीकडे, दाराकडे तिची नजर होती.

पुतण्यानें आणलेल्या चित्रांत आमची मावसबहीण तांब्या कलता धरून, मान वळवून कार्यालयाकडे कान देत उभी आहे. पाणी वृंदावनांत पडत नसून तिच्या पायांवर पडत आहे, आणि तिला त्याची दाद नाहीं.

दोन्ही चित्रें आम्हीं वहिनींना दाखविलीं. पहिलें त्यांनीं चटकन परत दिलें. दुसरें मात्र बराच वेळ हातीं धरून त्या म्हणाल्या, "म्हणजे पाय सगळ्यांचेच भिजतात तर!"