झीलकऱ्याची जागा

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र हाती आले तेव्हा मी मरोळ नाक्याजवळच्या खोलीत एका लूप पेडलवरची मांडवाची धूळ पुसत बसलो होतो. आपल्या वसतिगृहाच्या गायनसंचात मी पेटीवर असे आणि माझा एक वर्गमित्र झील धरीत असे, हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना स्मरत असेल. आपले नाव छापू नये, अशी त्याची ताकीद आहे.

शाहिरीत मुख्य गायकामागे उभा राहून ध्रुपद उचलतो तो झीलकरी. भीमगीतांच्या मंचावर त्यालाच आपण कोरस म्हणतो. गायक श्वास घेतो, तेवढ्यात गाणे खाली पडू न देणे हे त्याचे काम. माझा मित्र आज रात्रपाळीत नोकरी करतो आणि एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमांच्या ऐन दिवसांत, त्याला रजा मिळत नाही. म्हणून मी या यंत्राकडे वळलो. बटण पायाने दाबून ओळ गावी. पुन्हा दाबताच ती आपोआप फिरू लागते आणि तिच्यावर दुसरा स्वर चढविता येतो. स्कॉटिश गायिका केटी टन्स्टॉल हिने २००४ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एकटीने असेच गाऊन दाखविले होते. मात्र ती उभी राहून गिटार वाजवीत होती. मांडी घालून पेटी वाजविणाऱ्याने पायाचे यंत्र घेऊन काय करावे, हा प्रश्न मला खरेदीनंतर पडला! आता पेटी स्टँडवर असते आणि मीही उभा असतो.

पहिले यंत्र टीसी इलेक्ट्रॉनिकचे डिटो. तळहाताएवढे, एकच बटण, पाच मिनिटांची मर्यादा. त्याला माइक थेट जोडता येत नाही, मिक्सरमधून आवाज फिरवून आणावा लागतो. आत बॅटरीही बसत नाही. पण खरी अडचण थांबविण्याची. त्यासाठी बटण झटपट दोनदा दाबावे लागते. दुसरा दाब रेंगाळला, तर यंत्र थांबण्याऐवजी वरचा आवाज मुद्रित करते. आमच्याच वस्तीतील मांडवात माझा पाय रेंगाळला, तोंडून "थांब रे" निघाले, आणि पुढे प्रत्येक आवर्तनात "थांब रे" ऐकू येऊ लागले. मुले हसून लोळली. डिटो एक्स-२ मध्ये थांबविण्यासाठी दुसरे बटण लावता येते. हे आधी कळते तर बरे झाले असते.

नंतर बॉसचे आरसी-३० जुने घेतले. यात दोन ट्रॅक, दोन बटणे, माइक थेट जोडण्याची सोय, आणि वीज गेली तर सहा सेल. दिमडीचा ठेका एका ट्रॅकवर, ध्रुपद दुसऱ्यावर. नव्याने घेणाऱ्याने आरसी-५०० पाहावे. त्याच कंपनीचे आरसी-५०५ पाच ट्रॅकचे असले तरी हाताने चालते. पेटीवाल्याला ते निरुपयोगी. यंत्र कोणतेही असो, केहरव्याच्या आठ मात्रा संपून पुढच्या समेवरच बटण दाबले पाहिजे. अर्धी मात्रा उशीर झाला, तर तो उशीर आवर्तनागणिक परत येतो. आणि गाणे रंगल्यावर लय चढविताना झीलकरी डोळ्यांच्या खुणेने समजतो. पेडलला डोळे नाहीत.

आरसी-३० मध्ये मुद्रिते साठविण्याच्या ९९ जागा आहेत. एका रविवारी मित्र आला, तेव्हा त्याच्या आवाजातील ध्रुपद मी सातव्या जागी साठविले आणि पुढच्याच कार्यक्रमात वाजविले. फार सुंदर जमले. कार्यक्रमानंतर भोजनाच्या पंगतीत एक वृद्ध आजी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मागं गात होता त्यो पोरगा कुठं हाय? त्याला बी जेवायला बसव की."

मला उत्तर सुचले नाही. रात्री मित्राला दूरध्वनी करून हे सांगितले. तो बराच हसला, मग गप्प झाला. "माझं ताट कुणी खाल्लं मग?" एवढेच त्याने विचारले.

तेव्हापासून लोकांसमोर जे गाईन तेवढेच पेडलवर फिरवितो. सातवी जागा पुसलेली नाही, पण मंचावर उघडतही नाही. यंदा त्याने एका रात्रीच्या रजेचा अर्ज फेब्रुवारीतच दिला आहे. मी दुसरा माइक आणून ठेवला आहे.